पार्श्वभूमी: सॅपर्सचे नियतकालिक, त्याची वर्गणी आणि खानदेशचा पत्ता

वर्गणी हा शब्द आपल्याकडे गणपती मंडळालाही चालतो आणि मासिकालाही. सैनिकी अभियंत्यांच्या, म्हणजे सॅपर्सच्या, नियतकालिकांना तो मंडळाच्या अर्थानेच जास्त लागू पडतो. ही नियतकालिके बाजारात विकायला निघालीच नव्हती. एका कोअरमधल्या, म्हणजे सैन्याच्या एका शाखेतल्या, लोकांनी आपल्या कामांच्या नोंदी आपल्याच लोकांसाठी छापल्या, तिथून हा प्रकार सुरू झाला. म्हणून आजही यातली जुनी नियतकालिके संस्थेच्या सभासदत्वाबरोबर येतात. वर्गणीचे दर पाहायला गेलेल्याच्या हाती सभासदत्वाचा अर्ज पडतो, तो यामुळेच.

सुरुवात इंग्लंडात झाली. १८३७ मध्ये लेफ्टनंट विल्यम डेनिसन यांच्या संपादनाखाली रॉयल इंजिनियर्स या ब्रिटिश सैन्याच्या अभियंता शाखेच्या 'प्रोफेशनल पेपर्स'चा पहिला खंड निघाला. पुढे १८७० मध्ये 'रॉयल इंजिनियर्स जर्नल' आले आणि १८७५ मध्ये चॅटमला इन्स्टिट्यूशन ऑफ रॉयल इंजिनियर्स स्थापन झाली. हिंदुस्थानात मात्र फार वाट पाहावी लागली नाही. रुरकीच्या थॉमसन कॉलेजातून मेजर मेडली यांनी १८६३ पासून 'प्रोफेशनल पेपर्स ऑन इंडियन इंजिनियरिंग' काढायला घेतले. गणवेशातला अभियंता तेव्हा किल्ल्यांइतकाच कालवे, पूल आणि धरणांवर राबत होता. खडकवासल्याचे धरण उभारणारे फाइफ हे रॉयल इंजिनियर्सचेच. त्यामुळे या अंकांचा वाचक छावणीपुरता कधीच नव्हता.

अमेरिकेत १९०९ पासून 'प्रोफेशनल मेमॉयर्स' निघत असे. १९२० मध्ये सोसायटी ऑफ अमेरिकन मिलिटरी इंजिनियर्स स्थापन झाली आणि तेच नियतकालिक 'द मिलिटरी इंजिनियर' या नावाने पुढे चालू राहिले. खंडांचे क्रमांक मात्र मोडले नाहीत. १९२० चा खंड १२ वा आहे. जुने अंक मागवताना 'पहिला खंड' लिहिले तर १९२० नव्हे, १९०९ चे अंक समोर येतात. अमेरिकी सैन्याच्या इंजिनियर स्कूलचे 'इंजिनियर' हे १९७१ पासूनचे नियतकालिक वेगळे. ते सरकारी असल्याने मजकूर फुकट वाचता येतो.

या अंकांत नेमके काय असते, ते बेली पुलाच्या, म्हणजे तयार पोलादी पॅनेले जोडून उभारायच्या पुलाच्या, उदाहरणाने लगेच कळते. पूर ओसरल्यावर नाल्यावर तात्पुरता पूल टाकायचा असतो. बेलीचे एक पॅनेल १० फूट लांब, ५ फूट उंच आणि सुमारे ५७० पौंडांचे, म्हणजे २६० किलोच्या आतबाहेर. सहा जण ते उचलतात. पॅनेलला पॅनेल पिनांनी जोडत पूल काठावरच तयार होतो आणि पुढे हलके 'नाक' लावून रोलरवरून पलीकडे ढकलला जातो. रोलर एका पातळीत नसतील तर भोके जुळत नाहीत, पिन शिरत नाही आणि माणसे घण मारत बसतात. पाठ्यपुस्तकात याला एक ओळ मिळते. असल्या नियतकालिकात पातळी कशी घेतली, जमीन कुठे दबली हे आकृतीसह सापडते. पांझरा, गिरणा, वाघूरच्या काठी काम करणाऱ्या बांधकाम खात्याच्या अभियंत्यालाही वर्गणी परवडण्याचे कारण हेच.

आता अंक घरी पोहोचण्याचा प्रश्न. १८९८ च्या पोस्ट ऑफिस अधिनियमात वृत्तपत्राचा सवलतीचा दर ३१ दिवसांच्या आत निघणाऱ्या नियतकालिकांनाच होता. द्वैमासिक, त्रैमासिक अंक त्यात बसत नसत. ते बुकपोस्टाने, बिननोंदणीचे जात. नोंदच नसल्याने अंक कुठे अडला हे पोस्टालाही सांगता येत नसे.

खानदेशात त्यात पिनकोडाची भर पडते. पिनकोड १९७२ मध्ये आला, पण त्याच्या सीमा जिल्ह्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. चाळीसगाव (४२४१०१) आणि पाचोरा (४२४२०१) जळगाव जिल्ह्यात असूनही धुळ्याच्या ४२४ च्या मालिकेत आहेत. उलट शिरपूर (४२५४०५) धुळे जिल्ह्यात आणि नंदुरबार (४२५४१२) १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा, तरी दोन्ही जळगावच्या ४२५ मध्ये. कुणी 'चाळीसगाव, जि. जळगाव' पाहून पिन ४२५ ने सुरू करून 'दुरुस्त' केला, की अंक भलतीकडे जातो. पिंपळगाव, पिंपरी, वरखेडी अशी गावे तर तालुक्यागणिक आहेत. म्हणून पत्त्यात गाव, टपाल कार्यालय, तालुका, जिल्हा आणि पिन ही पाचही अंगे लिहावीत. भरून झाल्यावर पिन एकदा पोस्टात पडताळून घ्यावा.

सेवेतल्या जवानासाठी युनिटचा पत्ता ५६ किंवा ९९ एपीओमार्फत (सैनिकी टपाल कार्यालयामार्फत) असतो आणि तिथला पिन ९ ने सुरू होतो. ठिकाणाचे नाव त्यात येत नाही. बदली झाली की अंक मागे राहतो, म्हणून घरचा पत्ता बरा. परदेशी नियतकालिकाच्या लेबलावर हुद्दा व पलटण घालू नये. परदेशी संस्थेचे सभासद होण्याआधी आपल्या कार्यालयाची परवानगी घ्यावी.

पैसे भरताना दोन अडचणी हमखास येतात. २०२० पासून नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये तो आधी सुरू करावा, मर्यादा ठरवावी, काम झाले की पुन्हा बंद करावा. दुसरी अडचण नूतनीकरणाची. ऑक्टोबर २०२१ पासून परदेशी संस्थेची आपोआप वजावट आपल्या कार्डावरून बहुधा होत नाही. वर्गणी संपल्याचा ई-मेल स्पॅममध्ये जातो आणि अंक थांबल्यावरच लक्षात येते. संपण्याची तारीख स्वतःच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी आणि दरवर्षी हाताने पैसे भरावेत. अंक न आल्यास दुसऱ्या अंकाची वाट न पाहता सभासद क्रमांक, खंड आणि अंक क्रमांकासह लगेच कळवावे. उशीर झाला तर बदली प्रत शिल्लक राहिलेली नसते.