कंबोडिया: जपानच्या मध्यस्थीची पार्श्वभूमी

कंबोडियातले यादवी युद्ध मिटवण्यासाठी जून १९९० मध्ये जपानने विरोधी गटांचे नेते राजपुत्र सिहानुक आणि राजधानी नोम पेन्हमधल्या सरकारचे पंतप्रधान हुन सेन यांना टोकियोत चर्चेला बसवले. वाद प्रतिनिधित्वाचा होता: निवडणुकीपर्यंत देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या सर्वोच्च राष्ट्रीय परिषदेत चार गटांना समान जागा द्यायच्या, की एका बाजूला नोम पेन्हचे सरकार आणि दुसऱ्या बाजूला तिन्ही विरोधी गट मिळून, असे निम्मे-निम्मे? टोकियोत निम्म्याचे सूत्र ठरले. विरोधी गटांपैकी एक असलेल्या कम्युनिस्ट ख्मेर रूजचे नेते खिऊ सांफान जपानपर्यंत येऊनही बैठकीला बसले नाहीत. पण पुढे सप्टेंबरमध्ये मान्य झालेली १२ जणांची परिषद याच हिशेबाने, सहा-सहा अशी होती.

ऑक्टोबर १९९१ च्या पॅरिस शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या कंबोडियातल्या मोहिमेचे प्रमुखपद जपानी मुत्सद्दी यासुशी आकाशी यांच्याकडे गेले. आखाती युद्धात १३ अब्ज डॉलर मोजूनही जपानवर 'फक्त पैसे देतो' अशी टीका झाली होती. म्हणून जून १९९२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यासाठी जपानी सैनिक परदेशी पाठवता यावेत असा शांतिसेना कायदा झाला. त्यात शस्त्रसंधी, संबंधितांची संमती आणि निष्पक्षता या अटी होत्या, त्यातली एकही मोडली तर माघार, आणि शस्त्रांचा वापर किमान. ६०० जणांचे अभियंता पथक कंबोडियातल्या ताकेओ प्रांतात रस्ते-पूल दुरुस्त करू लागले. ख्मेर रूजने शस्त्रे ठेवलीच नाहीत, आणि १९९३ च्या एप्रिल-मेमध्ये एक जपानी स्वयंसेवक व एक पोलीस मारले गेले. कायदा शब्दशः वाचला तर पथक परत बोलवायला हवे होते. पंतप्रधान मियाझावा यांनी ते मे महिन्यातल्या निवडणुकीसाठी तिथेच ठेवले.

खरे कसब दिसले ते १९९८ मध्ये. आदल्या जुलैत हुन सेन यांनी सहपंतप्रधान राजपुत्र रणरिद्ध यांना बळाने हटवले होते. रणरिद्ध परदेशात होते, आणि त्यांच्याविना निवडणुकीला जगाची मान्यता मिळणे अवघड होते. जपानचा प्रस्ताव चार कलमांचा: रणरिद्ध यांनी ख्मेर रूजशी लष्करी संबंध तोडावेत, लगेच शस्त्रसंधी व्हावी, रणरिद्ध यांच्यावरचा खटला त्यांच्या गैरहजेरीत उरकून, कुटुंबीयांच्या विनंतीवरून राजाने माफी द्यावी, आणि सरकारने त्यांच्या सुरक्षिततेची हमी द्यावी. तिसरे कलम सगळ्यात चलाख. हुन सेन यांना दोषी ठरवणारा निकाल मिळाला, रणरिद्ध यांना तुरुंग टळला. मार्चमध्ये शिक्षा झाली, त्याच महिन्यात माफीही; जुलैत निवडणूक पार पडली.

श्रीलंकेत मात्र जपानची मध्यस्थी फसली, जरी तिथेही आकाशीच जपानचे विशेष दूत होते. जून २००३ च्या टोकियो परिषदेत साडेचार अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली, मदत वाटाघाटींच्या प्रगतीशी जोडली गेली. पण सरकारशी लढणाऱ्या तमिळ बंडखोर संघटनेने, एलटीटीईने, एप्रिलमध्येच बोलणी थांबवली होती आणि ती परिषदेलाही आली नाही. कंबोडियात गटांच्या पाठीराख्या महासत्तांनाच युद्ध नकोसे झाले होते. श्रीलंकेत दोन्ही बाजूंना अजून रणांगणावर आशा होती, आणि निकालही मे २००९ मध्ये तिथेच लागला.