खतातल्या प्लॅस्टिकवरचं बिऱ्हाड

घरच्या पिंपातलं कंपोस्ट चाळायला घेतलं की चाळणीवर काय उरणार हे जवळपास ठरलेलं असतं. आंब्याची बाठ, नारळाच्या शेंडीचे धागे, हारातला नायलॉनचा दोरा आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला तिकोनी कोपरा. बाठ आणि शेंडी पुढच्या खेपेला पुन्हा पिंपात टाकली की सावकाश जिरतात. दोरा आणि कोपरा कितीही खेपा टाका, तसेच परत येतात. कोपऱ्यावरच्या छपाईचा रंग तेवढा फिका पडतो.

असं का होतं, ते सूक्ष्मजीवांच्या जेवणाच्या पद्धतीत आहे. जिवाणूंना आणि बुरशीला तोंड नसतं. ते विकरं, म्हणजे एन्झाइम, शरीराबाहेर सोडतात, ही विकरं लांबलचक रेणूंचे तुकडे पाडतात आणि ते तुकडे मग पेशीत शोषले जातात. आधी साखर, स्टार्च आणि प्रथिनं संपतात. या धामधुमीत उष्णता सुटते आणि मोठ्या ढिगात तापमान ४५ अंशांच्या वर जातं, कधी ६५ पर्यंतही. तिथे बॅसिलससारखे उष्णताप्रेमी जिवाणू कामाला लागतात. ढीग निवला की काड्या-लाकडातल्या चिवट सेल्युलोज आणि लिग्निनवर बुरशी आणि ॲक्टिनोमायसीट्स हे बुरशीसारखे धागे काढणारे जिवाणू ताव मारतात. तयार खताला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो, तो या ॲक्टिनोमायसीट्सपैकीच स्ट्रेप्टोमायसीस बनवतात त्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. दुधाची पिशवी असते पॉलिथिनची. तिच्या रेणूत कार्बनला कार्बन जोडलेल्या लांब साखळ्या असतात. विकराला पकडता येईल असा दुवाच त्यांत सापडत नाही, आणि पाणीही तिच्यावर ठरत नाही.

नुसतं पडून राहिलं असतं तर प्लॅस्टिकची एवढी चर्चा करायचं कारण नव्हतं. पण मोठी पिशवी ढिगात हवेची वाट अडवते. तिच्याखाली पाणी साचतं, प्राणवायू संपतो आणि हवेत जगणाऱ्यांच्या जागी हवेविना जगणारे जिवाणू येतात. कुजक्या अंड्याचा वास आणि मिथेन ही त्यांची खूण. यावर निदान उपाय तरी आहे: पिशवी दिसते, ती उपसून काढता येते.

बारीक तुकड्यांचं तसं नाही. ऊन, उष्णता आणि ढीग उलथवणारी यंत्रं मिळून एका पिशवीचे असंख्य कपटे करतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. आपल्याकडे शहरी कंपोस्टचा किमान ९० टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडायला हवा, असा खत नियंत्रण आदेशाचा निकष आहे. म्हणजे जी चाळणी खत चांगलं ठरवते, तिच्यातूनच बहुतेक मायक्रोप्लॅस्टिक बिनबोभाट शेतात जातं. जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सेंद्रिय कचऱ्यापासून बनलेली खतं तपासली. तिथे कचरा वेगळा करण्याची शिस्त आपल्यापेक्षा कडक, तरीही किलोमागे १४ ते ८९५ तुकडे सापडले, आणि मोजले होते फक्त एक मिलिमीटरहून मोठे.

या कपट्यांना सूक्ष्मजीव खात नाहीत, पण त्यांच्यावर बिऱ्हाड मात्र थाटतात. चिकट थर तयार करून दाटीवाटीने राहतात. समुद्रातल्या प्लॅस्टिकवरच्या अशा वस्तीचं वर्णन २०१३ मध्ये झालं आणि तिला ‘प्लास्टिस्फिअर’ हे नाव मिळालं. खताच्या ढिगातही तोच प्रकार चालतो. आजूबाजूच्या खतात असते तीच वस्ती प्लॅस्टिकवर असेल असं नाही. शेणखताच्या काही प्रयोगांत मुद्दाम पॉलिथिन आणि पीव्हीसीचे कण मिसळल्यावर, ढीग तापलेला असताना जिवाणूंची विविधता घटलेली दिसली. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेली थॅलेट्स झिरपतात, रंगांमधून कधी शिसं आणि कॅडमियमही. मला याहून जास्त खुपते ती दाटीच. शेजारी-शेजारी राहणारे जिवाणू एकमेकांना जनुकं देतात, प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकंही. शेणाचं कंपोस्ट करण्याचा एक फायदा म्हणजे ही जनुकं कमी होतात. प्लॅस्टिकचे कण त्यात खो घालू शकतात.

आता गंमत अशी की प्लॅस्टिक तोडणारं एक नावाजलेलं विकर कंपोस्टमध्येच सापडलं. जपानमध्ये ओसाकाच्या एक्स्पो पार्कात पानं आणि फांद्यांचं खत होतं. तिथल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएतून शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये क्युटिनेज जातीचं हे विकर शोधलं. पानांवर क्युटिनचं जलरोधी आवरण असतं, ते फोडणं हे त्याचं मूळ काम. क्युटिनमध्ये एस्टरचे, म्हणजे विकराला पकडता येतील असे, दुवे असतात आणि पाण्याच्या बाटलीच्या पीईटीमध्येही तेच, म्हणून ते बाटलीवरही चालतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी त्यात बदल केले आणि २०२० मध्ये ७२ अंशांना, दहा तासांत ९० टक्के पीईटीचे मूळ घटक सुटे करून दाखवले. पण ते कारखान्यातल्या टाकीत, आधी प्रक्रिया केलेल्या पीईटीवर. ढिगात फेकलेली बाटली अशी विरघळणार नाही, आणि दुधाच्या पिशवीत तर एस्टरचे दुवेच नसतात.

‘कंपोस्टेबल’ पिशव्यांचं गणितही तापमानावर अडतं. त्यांतल्या बऱ्याच पिशव्यांत असतं ते पीएलए, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या साखळ्यांचं प्लॅस्टिक, आधी उष्णतेने आणि पाण्याने तुटतं, मग उरलेलं लॅक्टिक आम्ल जिवाणू फस्त करतात. त्याची चाचणी ५८ अंशांच्या आसपास, सहा महिन्यांपर्यंत चालते. बाल्कनीतलं पिंप एवढं तापलंच तर दोन-चार दिवस. नंतर ते कोमट होऊन बसतं. अशा पिंपात ही पिशवी पुढल्या चाळणीलाही भेटू शकते. ती पालिकेच्या मोठ्या प्रकल्पात जायला हवी. तिथे पट्ट्यावर कचरा निवडणाऱ्या बाईंना मात्र ती इतर पिशव्यांसारखीच दिसते, आणि त्या ती उचलून सुक्या कचऱ्यात टाकतात. त्यांच्या जागी कुणीही तेच करेल.