इंजिन तापतं, पण नेमकं कधी?

स्किड स्टीअर लोडर, म्हणजे पुढे बकेट असलेलं, जागच्या जागी वळणारं छोटं माती उपसण्याचं यंत्र, कामावर असताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, की बहुतेक जण थर्मोस्टॅटला (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेला) दोष देऊन मोकळे होतात. खरं तर पहिला प्रश्न वेगळा आहे: ते तापतं कधी? चालू केल्यावर दहा मिनिटांत, की दोन तास माती उपसल्यावर? नुसतं उभं असताना, की भरलेली बकेट घेऊन चढ चढताना? चालवणाऱ्याकडून याचं नीट उत्तर मिळालं, तर निम्मं निदान पान्याला हात न लावताच होतं.

डिझेल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिच्यातली ढोबळमानाने ३५ ते ४० टक्केच कामी येते. उरलेल्या उष्णतेतली बरीचशी सायलेन्सरवाटे निघून जाते आणि एकूण ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवाला, वाहून न्यावा लागतो. ५० किलोवॉटचं, म्हणजे ६७ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण लोडवर असेल, तर हा पाव हिस्सा तीसेक किलोवॉट भरतो. दोन किलोवॉटचे पंधरा-सोळा गिझर एकाच वेळी चालू आहेत असं समजा. ती सगळी उष्णता एका रेडिएटरने हवेत सोडायची.

रस्त्यावरच्या वाहनाला समोरून वारा मिळतो. लोडर जागच्या जागी वळत, मागेपुढे करत काम करतो, त्यामुळे सगळी भिस्त पंख्यावर. त्यात त्याची चाकं गिअरबॉक्सने नव्हे, तर हायड्रॉलिक तेलाच्या दाबाने फिरतात. पंप आणि मोटर यांच्यात वाया जाणारी ऊर्जा त्या तेलात उष्णता होऊन उतरते. बकेट ढिगाऱ्यात अडकलेली असताना लिव्हर तसाच ओढून धरला, तर तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून) परत फिरतं: काम शून्य, उष्णता पुरेपूर. या तेलाचा कूलर बऱ्याच यंत्रांत रेडिएटरला चिकटून असतो आणि दोघांना पंखा एकच. कूलर पुढे असेल, तर रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा आधीच गरम झालेली असते. म्हणून बिघाड हायड्रॉलिकमध्ये आणि काटा चढतो इंजिनाचा, असंही घडतं.

या यंत्राचा जन्मच घाणीतला. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी त्याचा पहिला अवतार बनवला तो टर्कीच्या खुराड्यांतली घाण उपसायला. धूळ, भुसा, पिसं तेव्हापासून पाचवीला पुजलेली. लोडवर काटा चढतो आणि इंजिन स्लोवर ठेवलं की उतरतो, असं असेल तर आधी संशय घ्यावा तो याच घाणीवर. बाहेरून जाळी लख्ख दिसते, पण ऑइल कूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत भुशाची गादीच बसलेली असते. इंजिन बंद करून मागून बॅटरीचा उजेड टाकावा. तो आरपार दिसला नाही, तर हवाही जात नाही. सफाई हवेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने करायची, नाहीतर कचरा आणखी आत ठासला जातो. जोरदार फवारा तिरका मारला तर नाजूक पात्या वाकतात आणि वाट पुन्हा बंद होते.

बाहेर स्वच्छ आहे, तरी लोडवर तापतं? मग पंख्याचा पट्टा सैल असेल, किंवा रेडिएटर आतून बुजलेला असेल. इन्फ्रारेड थर्मामीटर त्याच्या अंगावरून फिरवला की मध्येच थंड पट्टे सापडतात. त्या नळ्यांतून कूलंट फिरतच नाही. हा बहुतेक वेळा जड पाणी ओतत राहिल्याचा परिणाम. पाण्यातला क्षार थरावर थर चढवतो, आणि तो थर धातूच्या मानाने उष्णतेचा फारच मंद वाहक असतो.

रिकामं उभं असतानाही तापत असेल, तर प्रश्न कूलंट फिरण्याचा. पातळी कमी, एअरलॉक (आत अडकलेली हवा), वॉटर पंपाची झिजलेली पाती किंवा थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटच्या आत मेणाची गोळी असते. ती बऱ्याच इंजिनांत ८२ अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागते, फुगते आणि वाट उघडते. भांड्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून हे डोळ्यांनी पाहता येतं. काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हा उपाय मला अजिबात पटत नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तोच नसला, तर गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं.

फक्त रेस वाढवल्यावर तापत असेल, तर रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) पाहावा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर मऊ पडलं की आत चेपतो आणि स्लोवर पुन्हा फुगतो. उभ्या यंत्राजवळ नुसतं पाहून हे कळत नाही.

गार इंजिन चालू करताच मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर मात्र मामला गंभीर. एवढ्यात कूलंट तापलेलं नसतं. दाब सिलिंडरमधल्या वायूचा असतो, म्हणजे हेड गॅस्केट (सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, आणि इंजिन यांच्यामधलं सील) फुटलेलं किंवा हेडला तडा गेलेला. रेडिएटरच्या तोंडाशी आलेले वायू निळ्या चाचणी-द्रवातून सोडले, की कार्बन डायऑक्साइडमुळे तो हिरवा किंवा पिवळा पडतो.

रेडिएटरच्या झाकणाला कुणी मोजत नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं, आणि झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला तर १३० अंशांच्या जवळपास. स्प्रिंग ढिली पडली, की इंजिन ठीक असूनही कूलंट उकळून बाहेर येतं. गरम असताना झाकण उघडू नये तेही याच कारणाने: दाब सुटताच आतलं कूलंट एकदम उसळतं आणि अंगावर येतं.

आणखी एक चकवा दुरुस्तीनंतरचा. पंखा उलटा बसवला तर हवेची दिशा बदलत नाही, पण ती ढकलली जाते खूपच कमी. जाळीपाशी धरलेला कागद त्याच बाजूला ओढला जातो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पातीचा बाक कुठल्या बाजूला आहे ते इंजिन बंद करूनच पाहावं लागतं.