लतामंडप
घरालगत खांब उभारून त्यांवर तुळया व आडव्या पट्ट्या टाकून, वेल चढवण्यासाठी केलेली उघड्या छताची रचना. पुण्यातील बंगल्यांच्या बागांत ती बहुधा काँक्रीटच्या बसक्या ओट्यावर असते आणि तिला सर्रास पर्गोला म्हणतात.

हा मूळ इटालियन शब्द मराठीत इंग्रजीमार्गे आला. लॅटिनमधील ‘पेर्गुला’ म्हणजे भिंतीपुढे आलेला छज्जा. द्राक्षवेलीचा मांडव हा अर्थही त्याला होता. मंडप या शब्दाचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. ‘मण्ड, म्हणजे पेज, पिणारा’ ही फोड शास्त्रग्रंथांत अवयवार्थ (घटकांवरून होणारा अर्थ) लोपून रूढार्थ उरल्याचा दाखला म्हणूनच येते. काही अभ्यासक ‘मण्ड्’ (सजवणे) हा धातू मानतात, तर काही संस्कृतेतर मुळाची शक्यता मांडतात. अर्थाच्या दृष्टीने ‘सजवणे’ हे मत अधिक सरळ आहे.

पुणे सुमारे 18.5° उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि पट्टीची सावली तिच्या रुंदीएवढीच पडते. दक्षिणोत्तर पट्ट्या सकाळी व तिसऱ्या प्रहरी उपयोगी पडतात. भर दुपारची सावली वेलीचीच. म्हणून वेलींचे खड्डे ओतकामापूर्वीच राखून ठेवावे लागतात.

ओट्याची मजबुती खालच्या जमिनीवर ठरते. टेकड्यांच्या उतारावर मुरूम लवकर लागतो. काळी माती मात्र पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती काढून मुरूम भरून धुमसाने ठोकणे आवश्यक असते. पायी वापरासाठी साधारण 10 सेंमी. जाडी पुरते. दर 2.5 ते 3 मी. अंतरावर सांधे, घरापासून बाहेरच्या बाजूस मीटरला 1 ते 1.5 सेंमी. उतार आणि साध्या सिमेंटला किमान 7, पोझोलाना (बहुधा राखमिश्रित) सिमेंटला 10 दिवस पाणी मारणे इष्ट मानतात. खांबांचे पाये ओट्यापासून वेगळे व खोल घेतात.

वेलींच्या नावांत घोटाळा आहे. बागांतील मधुमालती म्हणजे रंगून क्रीपर. संस्कृत काव्यातील माधवी ही निराळी वेल असून मालती हे नाव सामान्यतः चमेलीच्या जातीला लावतात. बोगनवेल व संक्रांतवेल दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आहेत. जाई, जुई परिचित आहेतच. परसदारी याच कामासाठी दोडका, घोसाळी व तोंडलीचा मांडव घालतात.