नोंद आहे, पण सापडत नाही
पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्हाला येणारे फोन साधारण दोन प्रकारचे असतात. एक: "परवाची पावती नावाने शोधली तर येत नाही, पण पूर्ण यादी काढली की तिच्यात दिसते." दुसरा: "गर्दीच्या वेळी सगळ्यांच्या स्क्रीन एकदम अडकतात आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतात." पहिल्यात इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेसने ठेवलेली सूची, बिघडल्याची दाट शक्यता असते. दुसऱ्यात सर्व्हर क्रॅश होऊन स्वतःला सावरत असतो.

आमचा माणूस लॉगिन करेपर्यंत जो अर्धा तास जातो, त्यासाठी हे पत्रक आहे. भरून न येणारे नुकसान आम्ही पाहिले ते बहुधा मूळ बिघाडाने झालेले नव्हते. या अर्ध्या तासात घाईने केलेल्या दुरुस्तीने ते झाले होते.

आधी नक्कल

इंडेक्स टेबलावरून तयार होतो, त्यामुळे तो कितीही बिघडला तरी नव्याने बांधता येतो. टेबल गेले तर ते बॅकअपमधूनच आणावे लागते. म्हणून पहिला प्रश्न असा: बिघाड फक्त इंडेक्समध्ये आहे, की डिस्कच खराब होत चालली आहे आणि इंडेक्समध्ये ते आधी दिसले? याचे उत्तर मिळेपर्यंत काहीही दुरुस्त करू नका. ॲप्लिकेशन थांबवा, पोस्टग्रेस नेहमीच्या पद्धतीने बंद करा आणि संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. जुने बॅकअप पुसणारी रोजची जॉब त्याच क्षणी बंद करा. बिघाड कधीपासून आहे हे ठाऊक नसताना महिन्यापूर्वीचा बॅकअपच एकमेव चांगला निघू शकतो.

"रात्रीचा डंप व्यवस्थित झाला, म्हणजे डेटाबेस ठीक आहे" असे आम्हाला अनेकदा सांगितले जाते. डंप म्हणजे डेटा वाचून फाइलीत उतरवणे. तो टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतो, तुमच्या इंडेक्सकडे तो पाहतच नाही. इंडेक्स पार बिघडलेला असतानाही डंप विनातक्रार पूर्ण होतो.

आता हात लावू नये अशा गोष्टी. प्रोसेस 'किल मायनस नाइन'ने, म्हणजे जबरदस्तीने तत्काळ बंद करणाऱ्या आज्ञेने, मारू नका. 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' ही सर्व्हर चालू असल्याची खूण ठेवणारी फाइल पुसू नका. डिस्क भरली म्हणून 'पीजी-वॉल' या बदलांची नोंद ठेवणाऱ्या फोल्डरमधल्या फाइली तर मुळीच काढू नका. हे फोल्डर आवृत्ती ९.६ पर्यंत 'पीजी-एक्सलॉग' नावाचे होते. नावात 'लॉग' पाहून लोक ते बिनकामाचे समजून रिकामे करत, आणि हेही २०१७ च्या आवृत्ती १० मध्ये नाव बदलण्याचे एक कारण होते. क्रॅशनंतर डेटाबेस पुन्हा उभा राहतो तो याच फाइलींच्या जोरावर. त्या नसताना इंटरनेटवर शोधून लोक 'पीजी-रीसेट-वॉल' ही नोंद कोरी करणारी आज्ञा चालवतात. त्याने सर्व्हर सुरू होतो, पण आतला डेटा एकमेकांशी जुळतो याची कोणतीही हमी उरत नाही.

क्ष कुठे लावायचा?

इंडेक्स बिघडला की सगळ्यांचा पहिला संशय डिस्कवर जातो. पण डिस्क, रॅम, वीज सगळे ठणठणीत असतानाही इंडेक्स चुकतो. याचे मोठे कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण ते टाळणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

शाळेत आपण वर्णमाला शिकलो तिच्यात क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. संस्कृत कोशात मात्र क्ष हा क च्या पोटात असतो. आता समजा, शब्दकोश पहिल्या पद्धतीने लावलेला आहे आणि शोधणारा दुसऱ्या पद्धतीचा आहे. तो 'क्षमा' शब्द क मध्ये शोधेल, मिळणार नाही, आणि हा शब्द कोशातच नाही असे सांगेल. कोशाचे एकही पान फाटलेले नाही, तरी शब्द हरवला.

पोस्टग्रेसमध्ये मजकुराचा क्रम सहसा लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीकडून ठरतो. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ या आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. इंग्रजी लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) पूर्वी '११' आधी आणि '१-१' नंतर लागत असे, आता ते उलट लागतात. ज्यांच्या फ्लॅट नंबरात, बिल नंबरात किंवा खाते क्रमांकात आडवी रेघ आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. डेबियन १०, रेड हॅट ८ आणि उबुंटू १८.१० पासून ही नवी लायब्ररी आहे. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि त्यावरून पुढे जाताना डेटा फोल्डर जसेच्या तसे उचलून नव्या मशीनवर ठेवले, तर जुन्या क्रमाचा इंडेक्स आणि नव्या क्रमाचा शोध अशी गाठ पडते. मुख्य सर्व्हर जुन्या लिनक्सवर आणि त्याची स्ट्रीमिंग नक्कल (सतत अद्ययावत होत राहणारी प्रत) नव्यावर असली, तरीही हेच होते.

यातला खरा धोका नोंद न सापडण्याच्या पुढचा आहे. युनिक इंडेक्सला (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणाऱ्या इंडेक्सला) जुनी नोंद दिसली नाही, तर तोच क्रमांक तो दुसऱ्यांदा बिनदिक्कत स्वीकारतो. म्हणजे एका ग्राहकाची दोन खाती होतात आणि नंतरच्या नोंदी दोन्हींत विभागल्या जातात. हे जितके दिवस लक्षात येत नाही, तितका गुंता वाढतो.

आकड्यांच्या कॉलमवरचे इंडेक्स यातून सुटतात, 'सी' कोलेशन (कोलेशन म्हणजे मजकुराचा क्रम लावण्याचे नियम) असलेला मजकूरही सुटतो. डंप काढून नव्या मशीनवर भरला तर इंडेक्स तिथेच नव्याने बांधले जातात, तेव्हा तोही मार्ग सुरक्षित. आवृत्ती १५ पासून कोलेशनची आवृत्ती जुळत नसेल तर डेटाबेस स्वतः इशारा देतो. 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' ही आज्ञा दिल्यावर तो इशारा थांबतो, इंडेक्स मात्र होता तसाच राहतो. आधी मजकुरावरचे इंडेक्स बांधा, मगच ती आज्ञा द्या.

तपासणी आणि बांधणी

आवृत्ती १० पासून 'एएमचेक' हे इंडेक्स तपासणारे एक्स्टेन्शन (जोडप्रोग्राम) पोस्टग्रेससोबतच येते. त्यातली साधी तपासणी काम चालू असतानाही करता येते. इंडेक्सच्या वरच्या थरातल्या पालक पानांपर्यंत जाणारी सखोल तपासणी मात्र त्या टेबलावर लिहिणे थांबवते, ती रात्री करावी. हाताशी काहीच नसेल तर इंडेक्सचा वापर तात्पुरता बंद करून तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन उत्तरे वेगळी आली तर इंडेक्स खोटे बोलतो आहे.

बांधणीसाठी आवृत्ती १२ पासून 'रीइंडेक्स कन्करंटली' आहे. कामकाज न थांबवता ती होते, पण जुना आणि नवा असे दोन्ही इंडेक्स मावतील इतकी जागा डिस्कवर हवी. आवृत्ती १४.० ते १४.३ मध्ये याच आज्ञेत दोष होता आणि तिने बांधलेला इंडेक्सच सदोष होऊ शकत असे. जून २०२२ मध्ये १४.४ ने तो दूर केला. तुम्ही अजून त्या आवृत्त्यांवर असाल तर आधी आवृत्ती बदला. युनिक इंडेक्स बांधताना दुहेरी नोंदींमुळे काम अडले, तर दोहोंतली खरी कोणती हे आम्ही ठरवू शकत नाही. तेव्हा हिशेब जाणणारा माणूस शेजारी बसलेला हवा.

गर्दीत सर्व्हर का पडतो

लॉगमध्ये 'सिग्नल ९' दिसला तर बहुधा रॅम संपली आणि लिनक्सने पोस्टग्रेसची प्रोसेस मारली. एक प्रोसेस अशी मेली की सामाईक मेमरीवर भरवसा उरत नाही, म्हणून पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शन तोडून रिकव्हरी सुरू करतो. सगळ्यांच्या स्क्रीन एकदम अडकतात त्या यामुळे. हिशेब करून पाहा: 'वर्क मेम' (एका कामाला वापरता येणारी मेमरी) ६४ एमबी आणि २०० कनेक्शन म्हणजे साडेबारा जीबी. शिवाय एकच अवघड रिपोर्ट ही मर्यादा अनेक वेळा वापरू शकतो. रॅम १६ जीबी असेल तर महिनाअखेरीला काय होणार ते उघड आहे. यावर आमचे मत ठाम आहे: रॅम वाढवण्याआधी कनेक्शन कमी करा आणि मध्ये पूलर (थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्राम) बसवा. 'सिग्नल ११' असेल तर संशय एक्स्टेन्शनवर किंवा खराब रॅमवर घ्यावा.

क्रॅश झाला म्हणून इंडेक्स बिघडायला नको. वीज गेल्यानंतर तो बिघडला असेल, तर वेग वाढावा म्हणून कोणीतरी 'एफसिंक' (लिहिलेले खरोखर डिस्कवर पोचले याची खात्री करणारी सोय) बंद केले आहे का ते आधी पाहा. नाहीतर डिस्क न लिहिताच "लिहिले" असे सांगते आहे. २०१८ मध्ये असे उघड झाले की लिहिण्यात चूक झाली तर लिनक्स ती एकदाच कळवतो आणि पुन्हा विचारल्यावर सगळे ठीक असल्याचे सांगू शकतो. म्हणून फेब्रुवारी २०१९ पासून अशा वेळी पोस्टग्रेस मुद्दाम स्वतःला पाडतो. 'पॅनिक' या शब्दासोबत एफसिंकची तक्रार दिसली तर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका, डिस्क बदलण्याच्या तयारीला लागा.

फोन करताना पोस्टग्रेसची आवृत्ती, लिनक्सची आवृत्ती आणि क्रॅशच्या आधीच्या दहा मिनिटांचा लॉग जवळ ठेवा. गेल्या महिन्याभरात मशीन, डिस्क किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बदलली असेल, तर तक्रार सांगण्याआधी ते सांगा. आणि बदल अजून व्हायचा असेल, तर त्याच्या आठवडाभर आधी फोन करा. मजकुरावरच्या इंडेक्सची यादी काढून द्यायला आम्ही पैसे घेत नाही.