पॅडचा रंग घोडा ठरवतो

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या वेशीबाहेरील ज्या घोडेस्वारी शाळेत मी रविवारी सकाळी जातो, तेथे एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी तिच्यासाठी खोगिराखाली घालायचे नवे पॅड आणले. दुकानात पाहताना त्याचा मरून रंग अगदी गडद आणि तेजस्वी होता, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मुलीच्या वाट्याला नेहमी येणारा घोडा चेस्टनट आहे, म्हणजे आयाळीपासून खुरापर्यंत तांबूस तपकिरी. त्याच्या पाठीवर ते पॅड चढवले आणि मरून रंग एकदम विटका, मातकट दिसू लागला. रंग कच्चा आहे, दुकानदाराने फसवले, असे ठरवून वडील पॅड परत करायला निघाले होते. तेवढ्यात मोतद्दाराने तेच पॅड शेजारच्या ग्रे घोडीवर टाकले आणि तो रंग पुन्हा दुकानातल्यासारखा उठून दिसला. पॅड तेच होते, ढगाळ उजेड तोच होता, मध्ये दहा मिनिटेही गेली नव्हती. दुकानदाराचा दोष नव्हता. दोष कोणाचाच नव्हता, पण या घटनेमागचे विज्ञान इतके सुंदर आहे की ते नीट सांगावे असे मला तेव्हापासून वाटत आहे.

जवळजवळ हीच तक्रार दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये झाली होती. भिंतीवर टांगायची विणलेली चित्रे बनवणाऱ्या गोबेलिन्स या प्रसिद्ध कारखान्याच्या रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून १८२४ मध्ये मिशेल यूजेन शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली, आणि चित्रांतील निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेल्या काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्याने इतर कारखान्यांतील काळी लोकर मागवून तुलना केली, तेव्हा गोबेलिन्सची लोकर कोठेही कमी नाही असे दिसून आले. काळा रंग दुबळा दिसत होता तो केवळ शेजारच्या निळ्या आणि जांभळ्या रंगांमुळे. या शोधाचा पाठपुरावा करून त्याने १८३९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि एक नियम मांडला: दोन रंग शेजारी ठेवले की डोळ्याला ते रंगछटा आणि उजळपणा या दोन्ही बाबतींत असतात त्यापेक्षा अधिक वेगळे दिसतात. या परिणामाला समकालिक विरोध म्हणतात.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी डोळ्याच्या पडद्यावर जावे लागते. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला हे डोळा मेंदूला जसेच्या तसे कळवत नाही. पडद्यावरील पेशींचे जाळे असे विणलेले आहे की एक पेशी उद्दीपित झाली की ती शेजारच्या पेशींचा आवाज थोडा दाबते. हाल्डन केफर हार्टलाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हा व्यवहार लिम्युलस नावाच्या सागरी प्राण्याच्या डोळ्यात मोजून दाखवला, आणि दृष्टीवरील कामासाठी १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. योगायोग असा की लिम्युलसच्या कवचाचा आकार घोड्याच्या नालेसारखा असतो. थोडक्यात, मेंदूकडे जाणारा संदेश ‘येथे किती’ असा नसून ‘शेजारपेक्षा किती जास्त किंवा कमी’ असा असतो.

उजेड-अंधाराची ही तुलना डोळ्यातच सुरू होते. रंगांची तुलना मात्र पुढे मेंदूच्या दृष्टिकेंद्रात अधिक पक्की होते. डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींकडून आलेल्या संदेशांची तेथे पोहोचण्यापूर्वीच दोन जोड्यांत मांडणी झालेली असते: एका टोकाला लाल तर दुसऱ्या टोकाला हिरवा, आणि एका टोकाला निळा तर दुसऱ्या टोकाला पिवळा. दृष्टिकेंद्रातील दुहेरी विरोधी पेशी आपल्या क्षेत्राच्या मध्यावरील लाल-हिरव्या मोजमापातून भोवतालच्या क्षेत्राचे तेच मोजमाप अंशतः वजा करतात. समजण्यापुरते आकडे घेऊ. मरून पॅडचा लालपणा १०० मानू आणि भोवतीच्या चेस्टनट केसांचा ६०. भोवतालचा पाचवा हिस्सा वजा होतो असे धरले, तर पॅडच्या वाट्याला १०० उणे १२, म्हणजे ८८ उरतात. ग्रे घोडीच्या केसांत लालपणा जवळजवळ शून्य, म्हणून तेथे पूर्ण १०० टिकतात. तेच पॅड हिरवळीवर ठेवले, तर हिरवा हा मोजपट्टीच्या उणे बाजूचा रंग असल्यामुळे, समजा उणे ४०, त्याचा पाचवा हिस्सा वजा करणे म्हणजे ८ मिळवणे होय आणि पॅडचा लालपणा १०८ दिसेल. हाच हिशेब निळ्या-पिवळ्या जोडीवर मांडला की चेस्टनट घोड्यावर गडद निळे पॅड का खुलते, ते आपोआप कळते. चेस्टनटचा मूळ रंग नारिंगीच्या घरातला आहे आणि निळा त्याच्या समोरच्या टोकाला बसतो, म्हणून दोघेही एकमेकांना वर उचलतात.

येथे एक गोष्ट अशी आहे की ती कळली तेव्हापासून मी कोणत्याही घोड्याकडे पूर्वीसारखा पाहू शकलेलो नाही. तपकिरी हा रंग मुळात एकटा अस्तित्वातच नसतो. इंद्रधनुष्यात तपकिरी पट्टा नाही आणि तपकिरी प्रकाशाचा दिवा कोणी पाहिलेला नाही. तपकिरी म्हणजे आपल्यापेक्षा उजळ शेजारात बसलेला मंद नारिंगी. काळ्या कागदाची आतून काळीच असलेली सुरळी करून तिच्यातून चेस्टनट घोड्याच्या पुठ्ठ्याचा फक्त केसांचा भाग पाहावा, भोवतालचे आकाश, भिंत, गवत काहीही दिसू देऊ नये. काही क्षणांत तो तपकिरी भाग मंद नारिंगी दिसू लागतो. सुरळी काढली की घोडा पुन्हा तपकिरी होतो. म्हणून पांढरे पॅड घातल्यावर त्याच्या कडेचे केस अधिक गडद, अधिक तपकिरी वाटतात आणि काळ्या पॅडच्या कडेला तेच केस तांब्यासारखे उजळतात. अर्थात घोडा मोठा आणि पॅड लहान आहे, आणि हा परिणाम सीमेजवळ सर्वांत तीव्र असतो. घोडा पॅडचा रंग जितका बदलतो तितका पॅड घोड्याचा बदलू शकत नाही, म्हणून निवडीची सुरुवात घोड्यापासूनच करावी लागते.

घोड्याचा रंग अवघ्या दोन रंगद्रव्यांवर उभा आहे: काळसर युमेलॅनिन आणि तांबूस फिओमेलॅनिन. एमसी१आर या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील, तर केसांत युमेलॅनिन बनत नाही आणि घोडा चेस्टनट होतो. ते जनुक चालू असून अगाउटी जनुकाने युमेलॅनिनला आयाळ, शेपटी आणि पाय एवढ्यापुरते रोखले, तर अंग तांबूस आणि टोके काळी असा बे घोडा मिळतो, ज्याला जुन्या मराठीत कुमाईत म्हणत. बे घोड्यावर बाटलीसारखा गडद हिरवा रंग फार चांगला दिसतो, कारण त्याच्या अंगातील लालपणाला तो उचलतो आणि त्याचा गडदपणा काळ्या पायांशी जुळतो. अबलख घोड्याला एकच असा शेजार नसतो. पांढऱ्या ठिपक्यावर पॅड एक दिसते आणि काळ्यावर दुसरे, म्हणून तेथे साधे, एकरंगी पॅड बरे.

ग्रे घोड्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याच्यावर सर्वच रंग शोभतात असा समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. पॅडचा रंग त्याच्यावर शुद्ध दिसतो हे खरे. पण करड्या रंगाला स्वतःची छटा नसल्यामुळे शेजारच्या रंगाच्या विरुद्ध छटेची झाक त्याच्यावर लगेच चढते. ठाणात रात्रभर लोळून आलेल्या ग्रे घोड्याच्या कुशीवर पिवळट डाग असतातच, आणि त्याच्यावर निळे पॅड टाकले की खरारा कितीही मन लावून केलेला असो, ते डाग अधिक पिवळे दिसतात. शुभ्र पांढरे पॅडही त्याला तितकेच मारक ठरते. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देत, ती पिवळेपणाला निळ्याने उतारा म्हणून. आजच्या धुलाई पावडरमधील उजळक द्रव्ये त्याच्या पुढे जाऊन डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे असे कापड कोणत्याही नैसर्गिक केसांपेक्षा अधिक पांढरे दिसते. त्याच्या शेजारी स्वच्छ घोडाही मळलेला वाटतो. किंचित सायीच्या रंगाचे किंवा मरून पॅड या घोड्यांना न्याय देते.

काळ्या घोड्याचे केस उन्हाने टोकांशी तांबूस पडतात. त्या तांबूसपणाला निळे पॅड उघडे पाडते आणि गडद लाल पॅड झाकते. कारण तेच, वजाबाकीचे. काळ्या घोड्याचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या नालेच्या अंगठीविषयीही लिहायला हवे, कारण शनीची पीडा टळते म्हणून ती आजही विकली जाते. घोड्याचे काळेपण केसांतील युमेलॅनिनमध्ये असते. त्यातले काहीही खुराखालच्या लोखंडात उतरत नाही, आणि काळ्या व चेस्टनट घोड्याला ठोकलेली नाल एकाच लोखंडी पट्टीतून घडवलेली असू शकते. ठरावीक रंगाच्या पॅडने घोडा शांत होतो, लाल रंगाने बिथरतो, अशा दाव्यांनाही आधार नाही. घोड्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यांची संवेदनशीलता सुमारे ४२८ आणि ५३९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक असते. लाल आणि हिरवा यांतील जो फरक आपल्याला ठळक वाटतो, तो त्याला जवळजवळ दिसतच नाही. रंगांची ही सगळी निवड माणसांच्या डोळ्यांसाठी आहे. घोड्यासाठी पॅडचा मऊपणा, त्याची मापे आणि ते घाम किती शोषते हेच महत्त्वाचे.

चामड्याच्या सामानाबाबत शेव्हरलचा नियम जपून वापरावा लागतो. रुंद भागांत रंग एकमेकांना दूर ढकलतात, पण अगदी बारीक रेघांत उलटे घडते आणि रेघेचा रंग शेजारच्या रंगात मिसळल्यासारखा वाटतो. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन बेझोल्ड याने एकोणिसाव्या शतकात हे दाखवले. पॅडच्या कडेची पातळ किनार किंवा कपाळपट्टीवरील बारीक रंगीत दोरा हातात घेतल्यावर उठून दिसतो, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून तो आपले अस्तित्व गमावतो आणि भोवतालच्या रंगाला आपली झाक तेवढी देतो. चेस्टनट घोड्यावर मोहरकी आणि लगाम तपकिरी चामड्याचे असतील, तर ते केसांपेक्षा स्पष्टपणे गडद असावेत, नाहीतर चेहऱ्याची ठेवण दिसेनाशी होते. ग्रे आणि काळ्या घोड्यांवर काळे चामडे नेटके दिसते.

स्वाराच्या कपड्यांना हाच हिशेब लागू आहे, फक्त त्यांचा शेजारी घोड्यापेक्षा आकाश आणि झाडे हा अधिक असतो. स्पर्धेत गडद कोट आणि पांढरी किंवा फिकट ब्रीचेस, म्हणजे स्वारीची तंग विजार, ठरलेली असल्यामुळे निवडीला जागा थोडी, पण सरावाच्या वेळी पॅडचाच रंग शर्टात घेतल्यास घोडा आणि स्वार एकसंध दिसतात. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकींच्या अंगावर जे भडक रेशमी रंग दिसतात, त्यांचा हेतू याच्या अगदी उलट आहे. ते घोड्याला शोभावेत म्हणून निवडलेले नसतात. ते मालकाचे नोंदवलेले रंग असतात. अशी नोंद ठेवण्याची पद्धत इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे १७६२ मध्ये सुरू झाली, कारण दौडत येणाऱ्या घोळक्यात कोणाचा घोडा कोणता हे लांबून ओळखता यावे. तेथे अबलख घोड्यावर चौकडीचा सदराही चालतो.

पॅड निवडताना ते दुकानाच्या दिव्याखाली पाहू नये. तेथील उजेड पिवळसर असेल तर निळा रंग मंदावतो आणि तांबडा खुलतो. शक्य असल्यास कापडाचे तुकडे आणून, ढगाळ सकाळी, घोड्याच्या पाठीवर ठेवून वीस पावलांवरून पाहावेत. संध्याकाळी रस्त्याने परतणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: उजेड कमी झाला की डोळा शंकूपेशींकडून दंडपेशींकडे झुकतो, ज्यांची संवेदनशीलता सुमारे ५०७ नॅनोमीटरला सर्वाधिक असते, आणि लाल, मरून रंग सर्वांत आधी काळे पडतात. अशा वेळी शोभेचा विचार बाजूला ठेवून प्रकाश परतवणारी पट्टी आणि चमकदार पिवळसर हिरवे जाकीट घालावे.

ते मरून पॅड आता ग्रे घोडीकडे आहे आणि त्या मुलीने चेस्टनटसाठी गडद निळे घेतले आहे. घोडी सात वर्षांची असून तिच्या मांड्यांवर अजून करडी वर्तुळे आहेत. सिंटॅक्सिन-१७ या जनुकात सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला असल्यामुळे ग्रे घोडे वयाबरोबर पांढरे होत जातात, हे २००८ मध्ये सिद्ध झाले आहे. ती वर्तुळेही काही वर्षांत पुसली जातील, आणि तेव्हा मरून पॅड तिच्या पाठीवर टाकून पुन्हा वीस पावलांवरून पाहायचे आम्ही ठरवले आहे.