विदर्भातील कुंभारकाम : माती, आवा आणि हक्क यांची पार्श्वभूमी
विदर्भातील कुंभारकाम आजही मुख्यतः घराच्या अंगणात चालते. त्याची रचना समजून घ्यायची तर कारागिराच्या हाताइतकेच माती आणि जळण कोणाच्या ताब्यात होते, हेही पाहावे लागते. टाकळघाट-खापा आणि नायकुंड येथील उत्खननांत मिळालेली महापाषाणकालीन काळी-तांबडी भांडी भाजणीच्या जुन्या कौशल्याची साक्ष देतात. मात्र आजची रचना घडली ती बलुत्याच्या व्यवहारात.

गावाला माठ, रांजण, नवरात्राचे घट आणि अंत्यविधीची मडकी पुरवायची व सुगीला धान्य घ्यायचे, असा तो व्यवहार होता. चाकावर पुरुष बसे. माती चाळणे, मळणे, भांडी वाळवणे, रंगवणे आणि बाजारात नेणे हे काम बहुतेक बायकांकडे असे, तरी कारागीर म्हणून नाव लागले ते पुरुषाचेच, आणि हा अन्याय अजून दूर झालेला नाही. चाकावरून उतरलेले जाड भांडे थोडे सुकल्यावर आतून गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत पातळ केले जाते, म्हणून कुटुंबाचे उत्पादन चाकाच्या वेगापेक्षा या ठोकणीवर आणि उन्हावर अधिक ठरते. आव्यासाठी, म्हणजे भांडी भाजण्याच्या भट्टीसाठी, कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाट्या-तुराट्या (कापूस व तुरीची वाळलेली झाडे), तर पूर्वेकडे धानाचे तणस व कोंडा वापरला जातो. पावसाळ्यात काम थांबते. त्याआधी घरे शाकारण्यासाठी कवेलूंची, म्हणजे मातीच्या कौलांची, मोठी मागणी असे. ती टिनपत्रे आणि सिमेंटच्या छतांनी संपवली.

मातीचा प्रश्न याहून खोल आहे. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) या जिल्ह्यांत, माती जिथून मिळे ते तलाव व पडीक जमीन मालगुजाराकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावाच्या जमीनमालकाकडे, असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपून ही मालमत्ता शासनाकडे आली, आणि गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क निस्तारपत्रकांत नोंदवले गेले. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याची पद्धत, असल्याने तेथील इतिहास वेगळा आहे.

ग्रामोद्योगांचा विचारही याच प्रदेशात रुजला. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. पुढे भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने कुंभारांच्या प्रशिक्षणाचे मोलाचे काम केले. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारांचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. विजेच्या चाकाने श्रम नक्कीच वाचतात, परंतु गावतलावातील माती आणि आव्याचे जळण कुंभाराला हक्काने मिळेल, याची तरतूद अवजारांच्या साहाय्यात येत नाही.